वडिलांचा रकाना कोरा का असतो?

घराण्याचा शोध घेणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. चौघांचाही शोध एकाच जागी अडला आहे: जन्माच्या किंवा बाप्तिस्म्याच्या नोंदीत जिथे एक नाव असायला हवे होते, तिथे ते नाही. ‘अनौरस’ हा शब्द पुढील उत्तरांत केवळ कायद्याचा शब्द म्हणून आला आहे. ज्या मुलांना तो लावला गेला, त्यांच्यात काही उणे होते असे मी मानत नाही.

प्रश्न: माझ्या सूनबाई इंग्लंडच्या आहेत. नातवासाठी वंशवृक्ष करताना त्यांच्या खापरपणजोबांचा जन्मदाखला मागवला. जन्म १८६८ सालचा, नॉर्फक काउंटीतील एका वर्कहाऊसमधला. वडिलांचे नाव आणि वडिलांचा व्यवसाय हे दोन्ही रकाने आडवी रेघ मारून सोडून दिले आहेत. सूनबाईंच्या माहेरी सगळे म्हणतात की त्या बाईला बापाचे नाव ठाऊकच नसणार. मला हे पटत नाही. दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. पुढे काय करावे?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर: आपल्याला पटत नाही ते योग्यच आहे. त्या बाईला नाव ठाऊक नव्हते असे हा दाखला मुळीच सांगत नाही. तिने नाव सांगितले असते तरी नोंदणीदाराने ते लिहिले नसते, एवढेच त्यावरून कळते. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्मनोंदणी १ जुलै १८३७ रोजी सुरू झाली, तेव्हा पहिली काही वर्षे नियम ढिले होते आणि अविवाहित आईने सांगितलेले वडिलांचे नाव काही नोंदणीदार लिहूनही घेत. १८५० साली मात्र, अनौरस मुलाच्या नोंदीत मानीव वडिलांचे नाव घालू नये, अशी स्पष्ट सूचना सर्व नोंदणीदारांना गेली. पुढे १८७४ च्या कायद्याने ही बंदी थोडी सैल केली आणि १८७५ पासून, वडील स्वतः आईबरोबर कचेरीत आले व दोघांनीही सही केली तर, त्यांचे नाव चढू लागले. आपला दाखला १८६८ चा, म्हणजे या दोन तारखांच्या मधला आहे. त्या वर्षी ही रेघ ओढली ती कायद्याने, आणि बदनामी मात्र दीडशे वर्षे त्या बाईने सोसली.

आता प्रत पुन्हा एकदा हातात घेऊन सावकाश वाचावी, कारण तिच्यात आपल्या पत्रात न आलेल्या तीन गोष्टी आहेत. पहिली, आईच्या नावाच्या रकान्यात एकच आडनाव आहे. विवाहित आई असती तर तिच्या सासरच्या आडनावापुढे ‘पूर्वीची अमुक’ असे माहेरचे आडनाव आले असते. दुसरी, खबर देणाऱ्याच्या सहीच्या जागी फुलीची खूण आहे आणि ती आईची आहे. वर्कहाऊस म्हणजे निराधारांना कामाच्या बदल्यात आसरा देणारे घर. तिथल्या जन्मांची खबर पुष्कळदा तिथला अधिकारी देई. इथे ती बाई बाळंतपणानंतर सव्वा महिन्याच्या आत स्वतः नोंदणीदारापुढे उभी राहिली आहे. तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. मुलाला दोन नावे दिली आहेत आणि त्यांतले दुसरे हे नाव नसून आडनाव आहे, तेही आईच्या घराण्यातले नव्हे. वडिलांचा रकाना बंद झाला तरी मुलाचे नाव काय ठेवावे हे सांगण्याचा हक्क आईकडेच होता, आणि इंग्लंडमधल्या कित्येक अविवाहित आयांनी बापाचे आडनाव मुलाच्या मधल्या नावात गोवून ठेवले. हा पुरावा नव्हे. ते आडनाव एखाद्या मालकाचे किंवा गॉडफादरचेही असू शकते. तरी शोधाला इथूनच सुरुवात करावी.

पुढचा शोध जन्मनोंदणीच्या बाहेर आहे. १८४४ च्या कायद्याने अविवाहित आईला स्थानिक दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात, म्हणजे पेटी सेशन्समध्ये, मुलाच्या बापाविरुद्ध पोटगीचा अर्ज करता येऊ लागला. अर्ज साधारणपणे जन्मापासून बारा महिन्यांच्या आत करावा लागे आणि आईच्या शब्दाला दुसऱ्या कोणाचा तरी दुजोरा लागे. हुकूम झालाच तर या खापरपणजोबांच्या जन्माच्या काळात पोटगीची रक्कम सर्वसाधारणपणे आठवड्याला अडीच शिलिंगांच्या वर जात नसे. १८७२ च्या कायद्याने ती मर्यादा पाच शिलिंगांवर नेली. या हुकमांत बापाचे नाव, गाव आणि बहुधा धंदाही लिहिलेला असतो. ही कागदपत्रे जन्मनोंदणी कार्यालयात मिळणार नाहीत, ती त्या त्या काउंटीच्या दप्तरखान्यात असतात. सगळी टिकलेली नाहीत, म्हणून त्याबरोबर स्थानिक वृत्तपत्रेही पाहावीत. पेटी सेशन्सच्या बातम्यांत असे अर्ज दोन ओळींत का होईना पण नावानिशी छापून येत. त्याच दप्तरखान्यात वर्कहाऊस चालवणाऱ्या पालक मंडळाची इतिवृत्तेही मिळू शकतील. आईचा आणि मुलाचा खर्च मंडळावर पडत असल्यामुळे बाप कोण, हा प्रश्न त्या मंडळाच्या दृष्टीने पैशाचा होता आणि पैशाच्या प्रश्नाची नोंद सहसा नीट ठेवली जाते.

गावच्या चर्चचे बाप्तिस्म्याचे पुस्तकही पाहायला विसरू नये. १८१३ पासून ती पुस्तके छापील रकान्यांची आहेत आणि धंद्याच्या रकान्यात अशा आईपुढे ‘सिंगल वुमन’ असे लिहिलेले आढळते. त्याआधीच्या शतकांत पाद्री आपल्या मर्जीने लिहीत, त्यामुळे कठोर शब्द जास्त सापडतात आणि बापाचे नावही जास्त सापडते. आपल्या शोधात अजून दोन पिढ्या मागे गेलात तर हे उपयोगी पडेल.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. हेच खापरपणजोबा मोठे होऊन लग्नाला उभे राहिले तेव्हा विवाहनोंदीत त्यांना वडिलांचे नाव विचारले गेले असेल. पुष्कळांनी अशा वेळी आजोबांचे किंवा सावत्र वडिलांचे नाव सांगितले, काहींनी एखादे नाव रचूनही सांगितले. चर्चमध्ये, सर्वांसमक्ष, नवरीच्या बापाच्या उपस्थितीत ‘वडील नाहीत’ म्हणणे किती जड गेले असेल याची कल्पना आपण करू शकतो. म्हणून विवाहनोंदीतले नाव आणि जन्मदाखल्यातले मधले नाव एकमेकांशी जुळले तर आनंद मानावा. न जुळल्यास मधल्या नावावर अधिक भरवसा ठेवावा. १८७१ च्या जनगणनेत हे मूल आजी-आजोबांच्या घरी त्यांचाच मुलगा म्हणून नोंदलेले दिसले तर गोंधळून जाऊ नये, तशी रीत होती.

डीएनए तपासणीबद्दल आपण विचारलेले नाही, पण सूनबाई विचारतील. त्या पुरुषाच्या आडनावाचे वंशज शोधून काढल्यावर त्यांच्याशी नाते जुळते का, हे पाहण्यासाठी ती फार उपयोगी आहे. कागदांच्या आधी तिच्याकडे गेल्यास मात्र हाती शेकडो दूरच्या चुलत-मावस नातेवाइकांची यादी येते आणि शोध तिथेच रुततो.

प्रश्न: आमच्या घराण्यात पूर्वापार सांगतात की पुणे छावणीतील एक गोरा सैनिक आमचा मूळपुरुष. त्याच्या मुलाची १८४६ ची खडकी येथील बाप्तिस्म्याची नोंद मिळाली. बापाचे नाव, पलटण, हुद्दा सगळे आहे. आईच्या जागी ‘नेटिव्ह वुमन’ एवढेच दोन शब्द. आमची मराठी बाजू कोणती, हेच आम्हाला कळत नाही.
— एक वाचक, पुणे

उत्तर: ठाण्याच्या वाचिकेचे पत्र आणि आपले पत्र एकाच आठवड्यात आले, आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून मी बराच वेळ पाहत होतो. तिकडे कायद्याने बाप झाकला, इकडे पाद्र्याच्या लेखणीने आई झाकली. इथे तसा कायदा नव्हता. त्या बाईला नाव होते, ते तिच्या शेजारणींना, तिच्या माहेरी, त्या सैनिकालाही ठाऊक होते. ते लिहिण्याची गरज वाटली नाही, इतकेच. कोऱ्या जागेमागे नियम आहे की लिहिणाऱ्याची बेफिकिरी, हे आधी ठरवावे. नियम सर्वांना सारखा लागू असतो, बेफिकिरी मात्र दर पानावर सारखी नसते, आणि आपली आशा त्यातच आहे.

कंपनी सरकारच्या तिन्ही इलाख्यांतील पाद्री आपल्या नोंदवह्यांच्या नकला लंडनला पाठवत. त्या आता ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. मुंबई इलाख्याच्या मालिकेचा क्रमांक ‘एन/३’ असून तिच्यातील नोंदी १७०९ पासूनच्या आहेत. त्यांतील पुष्कळ पाने फाइंडमायपास्ट या सशुल्क संकेतस्थळावर पाहता येतात, आणि ब्रिटिश हिंदुस्थानातील कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेची सूची विनामूल्य आहे. तिथे मुलाच्या नावाने शोध घेऊ नये, बापाच्या नावाने घ्यावा आणि त्याची सगळी मुले काढावीत. पलटणी हलत राहत. थोरले मूल खडकीला जन्मले तर धाकटे अहमदनगरला, बेळगावला किंवा कुलाब्याला जन्मलेले असू शकते, आणि तिथला दुसरा पाद्री अधिक काळजीने लिहिणारा असू शकतो. चार भावंडांपैकी एकाच्या नोंदीत आईचे नाव आले तरी आपले काम झाले. पुढे त्या दोघांनी रीतसर लग्न केले असेल तर विवाहाच्या वहीत तिचे नाव आलेच पाहिजे, मात्र ते बाप्तिस्म्यानंतरचे नवे नाव असण्याची शक्यता आहे हे लक्षात ठेवावे. अनेक सैनिक आयरिश आणि म्हणून कॅथलिक होते, तेव्हा कॅथलिक चर्चच्या वह्याही वगळू नयेत. त्याच दप्तरातील मृत्युपत्रेही पाहावीत. जिवंतपणी जे नाव चर्चच्या वहीत आले नाही ते मरताना चार पैसे ठेवण्यासाठी लिहावे लागले, असे त्या मृत्युपत्रांत अनेकदा घडले आहे.

बाप लवकर वारला असल्यास भायखळ्याच्या शाळांचाही विचार करावा. बॉम्बे एज्युकेशन सोसायटी १८१५ मध्ये स्थापन झाली ती अशाच मुलांच्या शिक्षणासाठी. देवळालीची बार्न्स शाळा ही तिचीच पुढची वाटचाल आहे.

प्रश्न: कुणबी नोंदींच्या निमित्ताने आमच्या गावचे कोतवाल बुक पाहिले. पणजोबांच्या जन्माच्या ओळीत वडिलांचे नाव नाही, आईचे आहे. भावकीतील एकाने तेवढ्यावरून ‘तुम्ही अक्करमासे’ असे चारचौघांत म्हटले. ही नोंद खरोखर तेच सांगते का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: नाही, तेवढ्यावरून तसे ठरत नाही. आपण दुखावला असाल, म्हणून आधी त्या शब्दाबद्दल लिहितो. तोळ्याचे बारा मासे. ज्यात अकराच मासे भरतात ते हिणकस, असा सोनाराच्या काट्यावरून उचललेला हा शब्द आहे. माणूस तोलण्यासाठी तो वापरणाऱ्याने आधी आपली स्वतःची सात पिढ्यांची पाने दाखवावीत.

आता नोंदीकडे येऊ. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचे काम सुरू झाल्यापासून जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या, म्हणजे गाव नमुना १४ आणि कोतवाल बुके, मोठ्या प्रमाणावर उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. या वह्या वंशावळीसाठी लिहिलेल्या नव्हत्या. पुष्कळ ठिकाणी मुलाचे नावही नसते, ‘अमक्यास मुलगा’ एवढेच असते. खबर देणारा कोण आणि लिहिणारा कोण यावर ओळीत काय उतरेल हे ठरे. आईचे नाव एकटे येण्याची कितीतरी साधी कारणे आहेत: मूल पोटात असताना बाप वारला असेल, बाळंतपण माहेरी झाल्यामुळे गावाने आपल्या लेकीचेच नाव लिहिले असेल, किंवा बाप पोटापाण्यासाठी मुंबईला असेल. शिवाय अनेक समाजांत विधवेचा पाट लावण्याची रीत होती आणि पाटाची मुले औरसच मानली जात. नोंद लिहिणारा अशा बाईला तिच्या आधीच्या नवऱ्याच्या किंवा केवळ स्वतःच्या नावाने ओळखत असेल, तर ओळ तशी उतरे.

म्हणून एका ओळीवर थांबू नये. त्याच वहीत आधीच्या वर्षभरातले मृत्यू वाचावेत, पणजोबांच्या भावंडांचे जन्म शोधावेत, प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पालक म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहावे आणि जमिनीचे वारस फेरफार काढावेत. फेरफारात पणजोबांचे नाव इतर भावांच्या बरोबरीने लागले असेल, तर भावकीनेच त्यांना त्या काळी घरचे मानले होते, आणि ते कागद आजच्या भावकीलाही दाखवता येतात. मोडी वाचन दोन वेगवेगळ्या जाणकारांकडून करून घ्यावे. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे एका नावाची दोन नावे किंवा दोन नावांचे एक नाव व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न: माझी आजी पंढरपूरच्या बालकाश्रमात वाढली. तिचे लग्न तिथूनच एका शिक्षकाशी झाले. तिने आपल्या आईबद्दल कधी एक अक्षर काढले नाही. आता आजी नाही, आईही नाही. मी एकसष्ट वर्षांची आहे. आजीची आई कोण हे शोधावे का, आणि सापडले नाही तर वंशावळीत तिच्या जागी काय लिहावे?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर: आपल्या पत्राचे उत्तर देताना मला सर्वांत जास्त विचार करावा लागला. प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने १८७५ साली पंढरपुरात हे काम सुरू झाले, आणि आज ज्याला नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखतात तो त्यातूनच उभा राहिला. त्याच्या आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. ज्या जातींत विधवेला पुनर्विवाह बंद होता, तिथल्या गरोदर विधवेपुढे गर्भपाताची जहाल औषधे, जन्मलेल्या मुलाची हत्या किंवा स्वतःचा जीव देणे हेच मार्ग उरत. १८८४ साली सरकारला कळवताना जोतीरावांनी लिहिले की तोवर ३५ गरोदर विधवा त्या घरात येऊन बाळंत झाल्या आणि त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली. बाकीची, पोटात असताना आईला घ्याव्या लागलेल्या औषधांनी दगावली. फुले दांपत्याने दत्तक घेतलेले यशवंत हे अशाच एका विधवेचे मूल, ते पुढे डॉक्टर झाले.

हे इतके सविस्तर लिहिले त्याचे कारण असे की, पुण्याचे हे घर उभेच राहिले ते एका वचनावर. इथे गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचे की ठेवायचे हे तुमच्या खुशीवर, असे आवाहन त्या विधवांना केले होते. पंढरपुरासारख्या ठिकाणीही, यात्रेच्या निमित्ताने घराबाहेर पडता येत होते म्हणूनच, लांबलांबच्या बायका पोहोचू शकल्या. आपली आजी अशा एखाद्या बाईचे मूल असेल तर तिच्या आईचे नाव हरवलेले नाही, तिला दिलेल्या शब्दाप्रमाणे ते झाकलेले आहे. ती विधवा नसेल, दुष्काळात किंवा साथीत मूल सोडावे लागलेली एखादी आई असेल, हीही शक्यता तितकीच खरी आहे.

शोध घ्यावा का? माझे मत, आजीचा शोध जरूर घ्यावा. संस्थेला साधे, विनयाने लिहिलेले पत्र पाठवावे आणि त्यात ‘आईचे नाव सांगा’ असे न विचारता आजी आश्रमात कोणत्या तारखेला आली, तेव्हा किती दिवसांची किंवा वर्षांची होती, तिचे नाव कोणी ठेवले, ती कोणत्या शाळेत गेली आणि लग्नाच्या वेळी पालक म्हणून कोणी सही केली, एवढे विचारावे. आपले नाते दाखवणारे कागद सोबत जोडावेत. आजच्या दत्तक नियमांत मूळ कुटुंबाचा शोध घेण्याचा हक्क प्रौढ झालेल्या दत्तक व्यक्तीला स्वतःला दिलेला आहे, तिच्या वतीने तिसऱ्या कोणालाही नाही. आजीच्या काळी हा नियम नव्हता, आणि आजी बहुधा दत्तकही गेली नव्हती. तरी संस्थेने याच रीतीने वागून आईचे नाव देण्याचे नाकारले, तर मी त्यांना दोष देणार नाही. आश्रमात दाखल होण्याची तारीख मिळाली तर ती आषाढी किंवा कार्तिकी यात्रेनंतर किती दिवसांनी पडते हे जुन्या पंचांगात जरूर पाहावे. त्यातून नाव मिळणार नाही, पण आजीची आई त्या गावात कशी आली असेल याचा थोडा अंदाज येईल.

आता वंशावळीतल्या त्या जागेबद्दल. तिथे ‘अज्ञात’ लिहू नये, कारण ती कोणाला तरी ज्ञात होती. ‘निरंक’ तर मुळीच नको. तिथे ‘नाव राखून ठेवलेले’ असे लिहावे आणि त्याखाली, आश्रमाकडून कळल्यास, ज्या दिवशी तिने किंवा तिच्या वतीने कोणीतरी आपल्या आजीला त्या दारात सुखरूप पोहोचवले, त्या दिवसाची तारीख लिहावी.